बातमी खालून कापतात

आलेलं पत्र मोठं होतं, थोडं आवरून देते.

«ताई, मी कोपरीला राहते, वय 43. रोज ट्रान्स-हार्बरनं ठाण्याहून वाशीला नोकरीला जाते. लेडीज डब्यात आमचा दहा-अकरा जणींचा ग्रुप आहे, व्हॉट्सअ‍ॅपवरही आहे. गेल्या महिन्यात पेपरात बातमी आली होती. निवृत्त अधिकारी, वय 67, ‘डिजिटल अटके’त तीन दिवस घरात मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर बसून राहिले. बाथरूमला जायलासुद्धा समोरच्या तोतया पोलिसाची परवानगी मागायचे. शेवटी एफडी मोडून पैसे भरले. मी ती बातमी ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, ‘बाथरूमला जायला परवानगी! एवढं शिकून काय उपयोग?’ सगळ्यांनी हसून लोळणारे इमोजी टाकले. एकीनं नाही टाकला. चार दिवसांनी दुसऱ्या एका मैत्रिणीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, ते हिचे वडील. ही ऐरोलीला चढायची, मी तिची जागा धरून ठेवायचे. आता ती पुढच्या डब्यात चढते.

दुसरी गोष्ट. मी दगड नाही हो. रात्री सगळे झोपले की मी दिल्लीतल्या बुराडीच्या मृत्यूंसारख्या प्रकरणांचे व्हिडिओ बघत बसते. रडू येतं, छातीत धडधडतं, उठून दोनदा मुलाच्या खोलीत डोकावून येते. कासारवडवलीचं हत्याकांड झालं तेव्हा आठवडाभर जेवण जात नव्हतं. मिस्टर म्हणतात, बातम्या वाचणंच सोड. रोज शेजारी बसणाऱ्या बाईच्या वडिलांवर हसले आणि ज्यांना कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी रडते. मी कशी बाई आहे? आणि तिच्याकडे कुठल्या तोंडानं जाऊ?»

कोपरीच्या ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. कोण कशी बाई आहे हे सांगायचा धंदा मी करत नाही, आणि तुम्हालाही ते खरं तर नको असावं. पण तुमचं पत्र वाचून मला माझी एक जुनी गोष्ट आठवली, ती आधी सांगते. या सदरात मी ती आजवर लिहिली नव्हती.

समुपदेशनाकडे वळण्याआधी मी बरीच वर्षं एका दैनिकात उपसंपादक होते. रात्रपाळीला पान लावायचं काम. बातमी लिहिण्याची एक रीत असते. महत्त्वाचं वर, कमी महत्त्वाचं खाली. ती अशासाठी, की ऐन वेळी जाहिरात आली आणि जागा कमी पडली तर डोळे मिटून खालून कापता यावं. संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. कळव्याहून बातमी आली होती, 46 वर्षांचा माणूस पतंगासाठी पत्र्यावर चढला आणि पडून गेला. मी सिंगल कॉलम केली आणि मथळा दिला, ‘सेहेचाळिसाव्या वर्षी पतंगाची हौस अंगाशी’. डेस्कवर सगळे हसले. मला वाटतं, मथळा सुचल्याबद्दल चहाही मिळाला.

चौथ्या दिवशी एक माणूस ऑफिसात आला. डोकं भादरलेलं. भांडायला आला नव्हता. बाकावर बसला, पाणी प्यायला, म्हणाला, ‘‘बाकी काही नको, एवढंच छापा. दादा पतंग पकडायला नव्हता चढला. मांजात कावळा अडकला होता. खाली पोरं ओरडत होती, म्हणून चढला.’’

मी मूळ कॉपी काढून पाहिली. आमच्या वार्ताहरानं लिहिलं होतं. शेवटच्या दोन ओळींत कावळा होता. त्या मी कापल्या होत्या.

दुरुस्ती छापून आली नाही. असल्या बातमीची दुरुस्ती कोण वाचतो, असं वरून उत्तर आलं. मीही फार भांडले नाही.

तेव्हापासून विचित्र बातमी वाचली की मी खाली बघते. कावळा कुठे गेला? मॉलमध्ये शिरलेला बिबट्या घ्या. फेब्रुवारी 2019 मध्ये आपल्या ठाण्यात कोरम मॉलच्या कॅमेऱ्यात तो दिसला, मग शेजारच्या हॉटेलात सापडला. ‘बिबट्या सेलला आला’ वगैरे विनोद मीही केले, आणि त्याबद्दल मला काही वाटत नाही. बिबट्याची मुलगी आपल्या डब्यात बसत नाही. पण ‘मॉलमध्ये बिबट्या’ हे चक्रावून टाकतं ते येऊरचं जंगल बातमीतून गळलं म्हणून. जंगल इथेच होतं, मॉल नंतर आला, एवढी एक ओळ जोडली की नवल ओसरतं. हसायचं ते हसून घ्या, पण ती ओळ माहीत असू द्या.

तुम्ही वाचलेल्या बातमीतून काय गळलं होतं ते सांगते.

डिजिटल अटकेचा फोन ‘मला पैसे द्या’ म्हणून येत नाही. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, नाहीतर तुमच्या आधारवर कुणी सिम घेऊन गुन्हे केलेत, नाहीतर मनी लाँडरिंगमध्ये तुमचं खातं आलंय, असा येतो. मग व्हिडिओ कॉल. समोर गणवेश, मागे झेंडा, शिक्क्यांची वॉरंटं. त्यानंतर भामटा मुख्य डाव टाकतो: कॅमेरा बंद करायचा नाही, घरात कुणाला सांगायचं नाही, सांगितलंत तर त्यांनाही आत घेऊ. झोप तोडतात, तासातासाला हजेरी घेतात. दुसऱ्या दिवशी माणसाचा मेंदू त्याचा राहिलेला नसतो. मग ‘पैसे तपासणीसाठी सरकारी खात्यात ठेवा, शहानिशा झाली की परत’ हे त्याला सुटकेसारखं वाटतं.

‘एवढं शिकून’ असं तुम्ही लिहिलंत. 2024 मध्ये वर्धमान या कापड उद्योगसमूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांचे 7 कोटी रुपये असेच गेले. वय 82, पद्मभूषण मिळालेला माणूस, आयुष्यभर व्यवहार केलेला. त्यांच्यासाठी भामट्यांनी सर्वोच्च न्यायालयाची खोटी ऑनलाइन सुनावणीच उभी केली होती, सरन्यायाधीशांच्या नावासकट. त्याच वर्षी 27 ऑक्टोबरला पंतप्रधानांना ‘मन की बात’मध्ये सांगावं लागलं की डिजिटल अटक असा प्रकारच कायद्यात नाही. शिक्षण इथे उलट अंगलट येतं. आयुष्यभर सरकारी कागद खरा मानत आलेला, वॉरंट म्हटल्यावर उभा राहणारा, कधी कुणाचे पाच रुपये न बुडवलेला माणूस यात पटकन अडकतो. नुक्कडावरचा बिलंदर पोरगा ‘चल बे’ म्हणून फोन ठेवून देईल.

आणि बाथरूमची परवानगी. ‘मुलीलाही उचलू’ अशी धमकी ऐकलेला बाप तीन दिवस तोंड मिटून बसतो, तेव्हा तो स्वतःला वाचवत नसतो हो. तुम्ही ज्या ओळीवर हसलात, तीच कावळ्याची ओळ.

आता हसू का आलं? मेल्विन लर्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1960च्या दशकात एक प्रयोग केला होता. एका बाईला चुकल्यावर विजेचे झटके बसतायत असं दृश्य लोकांना दाखवलं. झटके खोटे होते, पण बघणाऱ्यांना माहीत नव्हतं. आपण हे थांबवू शकत नाही असं दिसल्यावर बघणाऱ्यांनी त्या बाईलाच नावं ठेवायला सुरुवात केली. तिच्यातच काहीतरी कमी असणार. कारण तिच्यात काही कमी नसेल, तर उद्या त्या खुर्चीत मी असू शकते. तुमच्या ग्रुपवरच्या आठ-नऊ इमोजींमागे तेच होतं. तुम्ही दुष्ट नव्हतात, घाबरलेल्या होतात. ‘माझे बाबा असं करणार नाहीत’ हे स्वतःला सांगायची ती सोपी पद्धत होती.

पण मी तुम्हाला एवढ्यावर सोडणार नाही. या हसण्याचा फायदा कुणाला होतो ते बघा. भामटा सांगतो, ‘कुणाला बोलू नका’. त्याची धमकी तीन दिवस टिकते. पुढे ‘लोक हसतील’ ही भीती काम करते, आणि ती आपण पुरवतो. पैसे गेल्याबरोबर 1930 या नंबरवर फोन केला तर ते पुढच्या खात्यांत सांडण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. तिथे तासांना किंमत आहे. पण सत्तरीचा माणूस लाजेपोटी चार दिवस मुलालाही सांगत नाही. माझ्याकडे नौपाड्यातलेच एक आजोबा यायचे, त्यांनी बायकोपासून पाच महिने लपवलं. बायकोला पासबुक भरून आणल्यावर कळलं. ते मला म्हणाले, ‘‘पैशाचं नाही हो. कट्ट्यावर काय म्हणतील?’’ कट्टा म्हणजे मासुंदा तलावाच्या काठावर संध्याकाळी बसणारे सहा म्हातारे.

रात्रीच्या प्रकाराकडे येते.

1 जुलै 2018, रविवार. सकाळी दिल्लीत बुराडीला एका घरात 11 जण मृत सापडले. त्याच दिवशी आपल्या महाराष्ट्रात, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, आठवडी बाजारात भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, मंगळवेढ्याकडची. एकच दिवस. तुमच्या पत्रात बुराडी आहे, राईनपाडा नाही. दोष देत नाही, माझ्याही डोक्यात आधी बुराडीच येतं.

असं का होतं याचा मी पुष्कळ विचार केला आहे. बुराडीत कोडं होतं. भिंतीतून बाहेर आलेले 11 पाइप होते, वाहिन्यांनी ते आठवडाभर लाल वर्तुळं काढून दाखवले. त्या पाइपांचा मृत्यूंशी काही संबंध निघाला नाही. पोलिसांनी पुढे बाहेरच्या कुणाचा हात नाही म्हणून प्रकरण बंद केलं, पण तोवर कॅमेरे उठून गेले होते. तुमच्याजवळ पाइप राहिले, निष्कर्ष नाही. अर्धवट राहिलेली गोष्ट मन सोडत नाही. रात्री अकरानंतर तुम्ही तो शेवट शोधत असता आणि व्हिडिओवाला तो कधीच देत नाही, कारण शेवट दिला तर तुम्ही पुढचा व्हिडिओ बघणार नाही.

राईनपाड्यात कोडं नव्हतं. कारण माहीत होतं आणि ते आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये होतं. त्या वर्षी मुलं पळवण्याचा एक व्हिडिओ देशभर फिरत होता. मोटारसायकलवर दोघं येतात, खेळणाऱ्या पोराला उचलून नेतात. तो कराचीतला होता, मुलांच्या सुरक्षिततेसाठी काढलेली जनजागृतीची फिल्म. मूळ फिल्ममध्ये ते दोघं पोराला परत आणून सोडतात आणि हातात फलक धरतात, की मूल पळवायला एक क्षण पुरतो, लक्ष ठेवा. कुणीतरी तेवढा शेवट कापला आणि फॉरवर्ड केला. मी कावळा कापला होता, त्यानं फलक. माझ्यामुळे एका मेलेल्या माणसाचं हसं झालं. त्या वर्षी तसल्या फॉरवर्डांनी देशात ठिकठिकाणी जिवंत माणसं मारली.

म्हणून तुमच्या मिस्टरांचा सल्ला मला पटत नाही. वाचणं सोडलंत तर पाइपच डोक्यात राहतील. पण त्यांना दिसतंय ते खोटं नाही, रात्रीचं बंद करायलाच हवं. 2013 मध्ये बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले, त्यानंतर अमेरिकेत एक पाहणी झाली. स्फोटानंतरच्या आठवड्यात रोज सहा-सहा तास त्याच बातम्या बघणाऱ्यांमध्ये प्रत्यक्ष तिथे असलेल्यांपेक्षाही जास्त ताण आढळला. तुम्ही सहा तास बघत नसाल. पण अंधारात, कानात इअरफोन घालून, शेजारी घोरणारा नवरा, हे एक तास म्हणजेही पुष्कळ झालं. वाचायचं ते सकाळच्या गाडीत वाचा, छापलेलं वाचा, आणि पहिल्या दिवशीचं कमी, नंतरचा पाठपुरावा जास्त. तो आतल्या पानावर तीन ओळींत येतो, त्याला चौकट नसते, संगीत तर नसतंच. शोधावा लागतो.

कासारवडवलीचं मात्र वेगळं. फेब्रुवारी 2016 मध्ये एकाच घरातली 14 माणसं गेली, घरातल्याच माणसाच्या हातून, आणि ते आपल्या घोडबंदर रोडवर. ठाण्यात त्या आठवड्यात जेवण कुणालाच गेलं नव्हतं. ते तुमचं मनोरंजन नव्हतं, शेजारधर्म होता. मी तेव्हा आनंदनगरला एकीकडे जायचे. रिक्षावाला तिथून जाताना रेडिओ बंद करायचा. कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

मुलाच्या खोलीत दोनदा डोकावता, म्हणून एक रूक्ष आकडा देते. 2022 मध्ये देशात खुनाचे 28,522 गुन्हे नोंदले गेले. त्याच वर्षी रस्त्यांवरच्या अपघातांत 1,68,491 माणसं गेली. तुमच्या पत्राच्या शेवटी, मी वर घेतली नाही त्या भागात, तुम्ही लिहिलंय की मुलाला स्कूटरवर मागे बसवून तीन हात नाक्याला क्लासला सोडता. त्याला हेल्मेट आहे का? भीती तिथे वापरा.

व्हिडिओ बंद करूनही महिनाभरात धडधड आणि झोपेचं नीट झालं नाही, तर डॉक्टरांना दाखवा, किंवा 14416 वर टेलि-मानसला फोन करा. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

राहिली ऐरोलीची मैत्रीण.

फोनवर काही लिहू नका. ‘सॉरी डिअर’ आणि खाली हात जोडलेले, हे तर मुळीच नको. ज्या हातानं ते वाक्य टाइप केलं त्याच हातानं माफी टाइप केली की दोन्हींचं वजन सारखंच होतं. एक गाडी आधीची पकडा, ऐरोलीला उतरा आणि फलाटावर थांबा. ती पुढच्या डब्याच्या जागी उभी असेल, तिथे जा. तिची गाडी चुकणार नाही एवढंच बोला. ‘‘त्या बातमीवर मी जे लिहिलं ते फार वाईट होतं. मला लाज वाटते.’’ पुढे ‘मला माहीतच नव्हतं गं’ हे येऊ देऊ नका. ते खरं आहे, पण त्याचा अर्थ असा होतो की दुसऱ्या कुणाचे वडील असते तर चाललं असतं. तिला तो अर्थ लगेच ऐकू जाईल.

किती गेले, ते विचारू नका. परत मिळाले का, तेही नाही. तिनं आपणहून काढलं तर ऐका, आणि तक्रार 1930 वर किंवा सायबर पोर्टलवर झाली आहे ना, एवढं मात्र विचारा. राहिली असेल तर बरोबर जा. सायबर पोलिसांकडे कागद घेऊन एकटीनं बसणं फार कंटाळवाणं असतं, तिथे तुमच्यासारखी बोलकी बाई कामाची.

एक फार जपा. ग्रुपमधल्या बाकीच्या जणींना ते कुणाचे वडील हे बहुधा माहीत नाही. तुम्हाला बाजूला घेऊन सांगितलं ना? मग भावनेच्या भरात ग्रुपवर जाहीर माफी मागायला जाल आणि तिचं गुपित दहा जणींसमोर उघडं पाडाल. ग्रुपवर एवढंच टाका: त्या दिवशीच्या बातमीवर मी जे लिहिलं ते चुकीचं होतं, असले फोन कुणालाही येतात, आपापल्या आईवडिलांशी आज बोला. का लिहिताय हे कुणी विचारलं तर विचारू द्या. मग तुमच्या स्वतःच्या आईवडिलांना, सासऱ्यांना फोन लावा. ‘तुम्ही फसू नका’ असं म्हणू नका. ‘असं काही झालं तर आधी मला सांगा, मी हसणार नाही,’ असं म्हणा.

ती परत तुमच्या डब्यात येईल का, ते तिच्यावर सोडा. लगेच नाही येणार. जागा धरून ठेवायची असेल तर ठेवा, पण चढणाऱ्या बायकांनी भांडण काढलं तर देऊन टाका. रबाळ्याला गर्दी काय होते ते तुम्हाला माहीतच आहे.